बंदराकडची वाट : प्रस्तावना

पूर्णगडच्या टेकडीला खालून वळसा घालताना कायदा वाटेतच बदलतो. टेकडीच्या पश्चिमेला उघडा समुद्र. केंद्र सरकारने १९९१ साली सागरी किनारा नियमनाची (सीआरझेड) पहिली अधिसूचना काढली, तेव्हा अशा ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या कमाल रेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा नियंत्रणाखाली आणला आणि त्यातल्या पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम जवळजवळ बंद केले. तीच टेकडी उतरून मुचकुंदीच्या खाडीकाठी आले की पट्टा आक्रसतो. तिथे माप १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यातले जे कमी असेल ते. हे १०० मीटर कमी करून ५० करण्याचा प्रयत्न १९९४ मध्ये एकदा झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो रद्द केला. २०१९ च्या अधिसूचनेने ५० मीटर पुन्हा आणले, आणि या वेळी ते टिकले. वाळू तीच, खारे पाणी तेच, जाळी वाळत घालणारी माणसेही तीच. खाडी कुठे संपली आणि समुद्र कुठे लागला हे मुखाशी होडी हाकणाऱ्याला लाटेवरून कळते. कायद्याला त्यासाठी कागदावर रेघ मारावी लागते. आत कुठवर पाण्याला खाडी मानायचे याचेही माप ठरलेले आहे : वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्याच्या हजार भागांत पाच भाग क्षार सापडतो तिथपर्यंत.

पुढच्या पानांत या मापांची, अधिसूचनांची आणि अर्जांच्या नमुन्यांची माहिती सोप्या मराठीत दिली आहे. तिच्याकडे वळण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, नाहीतर सगळा कायदा पाठ होऊनही गावाच्या हाती काही लागणार नाही. सीआरझेडच्या सगळ्या रेघा समुद्राला समांतर जातात. ५० मीटर, १००, २००, ५०० : सगळ्या किनाऱ्याच्या कडेकडेने. माणूस मात्र या रेघा कापत समुद्राकडे जातो. घरातून निघून माडांच्या आगरातून, गडग्यातल्या खिंडीतून, पाखाडीच्या चार पायऱ्या उतरून, सुरूच्या बनातून पुळणीवर. ही वाट त्या अधिसूचनांच्या नकाशांवर नसते. २०० मीटरांत एक वीटही लागली नाही, तरी रस्त्यालगतचा प्लॉट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुंपणाने बंद झाला की पुळण गावाला पारखी झाली. किनारा कायद्याने वाचला आणि वाट कुंपणाने गेली, असे घडू शकते. कोकणात ते घडतेही आहे.

पूर्णगड रत्नागिरीच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर, पावस ओलांडल्यावर लागते. मुचकुंदी लांजा तालुक्यातल्या माचाळच्या बाजूने, विशाळगडाच्या मुलखातून येते आणि इथे समुद्राला मिळते. मुखावर बेताचा किल्ला. मोठे दार पूर्वेला. पश्चिमेच्या तटात समुद्राकडे उघडणारे दुसरे. बांधणाऱ्याने पाण्याकडे उतरण्याची सोय आधी पाहिली, कारण बंदराशिवाय या किल्ल्याला काही अर्थच नव्हता. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. पुढे गलबतांची ये-जा आटली आणि मुखावरचे व्यापारी बंदर मासेमारीपुरते उरले. समोरच्या काठावर गावखडी, तिची लांब पुळण आणि सुरूचे बन. पूर्वी या तीरावरून त्या तीरावर होडीने जावे लागे, आता सागरी महामार्गाचा पूल आहे. पुलाने गाव जवळ आणले, तसेच पुणे-मुंबईचे गिऱ्हाईकही आणले.

किनारा कोणाच्या कशा कामाला येतो हे बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही. त्याला वाळू मोकळी दिसते, आणि मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा असा त्याचा समज होतो. रापण घ्या. होडीने जाळ्याचा मोठा अर्धगोल समुद्रात टाकतात, दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि वीस-तीस माणसे वाळूत पाय रोवून ते ओढतात. या मासेमारीचा अर्धा भाग जमिनीवरच होतो. पुळण नसेल, किंवा पुळणीवर उतरता येत नसेल, तर रापण नाही. पाग घेऊन खाडीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस, ओहोटीला खडकांवर कालवे फोडायला आणि मुळे वेचायला जाणाऱ्या बायका, मे महिन्याच्या अखेरीस वर ओढून शाकारून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली सुकट, या सगळ्यांना समुद्राइतकीच त्याच्या कडेची जमीन लागते. कालवांना जाणाऱ्या बाईची वेळ पंचांगावर आणि भांग-उधाणावर ठरते. ओहोटी तिच्यासाठी थांबत नाही. तिची पाच मिनिटांची वाट बंद होऊन तिला रस्त्याने अर्ध्या तासाचा वळसा पडला, तर तिच्या पदरातला निम्मा धंदा गेला. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. शिवाय गणपती विसर्जनाला, नारळी पौर्णिमेला सगळे गाव पाण्यापर्यंत जाते. अनेक गावांची मसणवट खाडीकाठी किंवा समुद्रकाठी असते. शेवटच्या प्रवासालाही तीच वाट.

मग ही वाट इतकी उघडी कशी राहिली, की कोणीही यावे आणि बंद करावी? याचे उत्तर समुद्रात नाही, सातबाऱ्यात आहे. रत्नागिरी जिल्हा खोतीचा. देशावर गावागणिक गायरान असते, सरकारी पड जमीन असते; इथे डोंगरही खाजगी आणि कातळही खाजगी. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, जमिनी कुळांच्या आणि खोतांच्या वारसांच्या नावावर चढल्या, आणि पुढच्या दोन पिढ्यांत प्रत्येक खाते सामाईक होत गेले. एका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही कोणाला ठाऊकही नसलेली. अशा जमिनीतून गावाची वाट जात असे, कारण जमीन पडीक असे आणि मालक गावचाच असे. 'जाऊ दे रे, वाट हाय ती' यापलीकडे कोणी तिचा कागद केला नाही. भाऊबंदांतल्या एकाने मुखत्यारपत्र गोळा केले, दलालाने गुंठ्यांचे तुकडे पाडले, जाहिरातीत 'सी व्ह्यू' आला आणि गिऱ्हाइकाला मोजणीत दाखवलेल्या हद्दीवर जाळीचे कुंपण पडले. त्या गिऱ्हाइकाने बहुधा काही बेकायदा केलेले नसते. त्याच्या खरेदीखतात वाटेचा उल्लेखच नाही. दलालाने सांगितले नाही, विकणाऱ्याला विकायचे होते, आणि गावकऱ्याला कोणी विचारले नाही. म्हणून नव्या मालकाला खलनायक करून लिहिलेले लेख मला पटत नाहीत. चूक कागदाच्या अभावाची आहे, आणि तो अभाव आपण पिढ्यानपिढ्या सांभाळला.

आता कायद्याकडे. इंदिरा गांधींनी नोव्हेंबर १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मोकळा ठेवण्यास सांगितले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ ची अधिसूचना. ती नीट पाळली जात नाही म्हणून लोक न्यायालयात गेले, न्यायालयाने राज्यांना फटकारले, मंत्रालयाने पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करून तिला भोके पाडली. २००८ मध्ये तिच्या जागी नवी व्यवस्था आणण्याचा मसुदा निघाला. देशभरच्या मच्छीमारांनी तो हाणून पाडला आणि २००९ मध्ये तो बाद झाला. ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत प्रथमच मच्छीमारांच्या उपजीविकेचे रक्षण हा हेतू म्हणून लिहिला गेला, ही त्या विरोधाची कमाई. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने पुन्हा दार सैल केले. दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या ग्रामीण किनाऱ्याला २०० मीटरांऐवजी ५० मीटर, आणि विकासबंदीच्या पट्ट्यातही भरतीरेषेपासून १० मीटर सोडून पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयी. २०२० मध्ये राज्य सरकारने ज्या आठ किनाऱ्यांवर शॅकचे धोरण आणले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले गुहागर आणि आरेवारे होते.

किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र सीआरझेड म्हटले की वेगळीच गोष्ट आठवते. घराची भिंत पावसात बसली, दुरुस्तीला परवानगी हवी, ग्रामपंचायत म्हणते राज्याच्या किनारा प्राधिकरणाकडे जा, आणि प्राधिकरण बसते मुंबईत. मच्छीमाराचे घर पाण्यापासून लांब असूच शकत नाही, त्यामुळे कायद्याचा पहिला तडाखा त्यालाच. ज्याच्याकडे वास्तुविशारद आणि वकील आहे तो वाट काढतो. ज्याच्याकडे नाही तो पत्रे बदलून गप्प बसतो. किनारा वाचवण्याच्या चळवळीने ही तक्रार फार काळ कानाआड केली. परिणाम असा की 'सीआरझेड उठवतो' असे आश्वासन देणाऱ्या उमेदवाराला किनाऱ्यावरच टाळ्या मिळतात. वाटेचा प्रश्न हाती घेण्याचा एक फायदा म्हणजे त्यात कायदा आणि गावकरी पहिल्यांदाच एका बाजूला येतात.

कायद्याने वाटेचा अजिबात विचार केला नाही असेही नाही. १९९१ च्याच अधिसूचनेला जोडलेल्या पर्यटन-हॉटेलांच्या अटींत एक कलम आहे. खाजगी जागेभोवती काटेरी तारेचे कुंपण चालेल, पण त्याने लोकांच्या किनाऱ्यावर जाण्याला बाध येता कामा नये. आणि दोन हॉटेलांच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा असली पाहिजे. २०११ मध्येही ही अट राहिली. त्याच वाक्याच्या शेपटीला अशा मोकळ्या जागांमधले अंतर ५०० मीटरांपेक्षा कमी असू नये असे लिहिले आहे. अक्षरशः वाचले तर वाटा दूरदूर असाव्यात असा त्याचा अर्थ निघतो! लिहिणाऱ्याच्या मनात नेमके उलटे असावे, दर ५०० मीटरांत एक तरी वाट. पण मसुदा करणारा बहुधा कार्यालयातून निघायच्या घाईत होता. असो. खरी अडचण ही की कलम हॉटेलांना लागते. पूर्णगड, गावखडी, कशेळी या पट्ट्यात वाट अडते ती सहसा फार्महाऊसने, दुसऱ्या घराने, नुसत्या रिकाम्या प्लॉटने. त्यांच्यासाठी २० मीटर कोणी राखून ठेवलेले नाहीत.

या विषयातला आपल्या शेजारचा सर्वांत बोलका खटला गोव्याचा आहे आणि तो पूर्ण सांगितला पाहिजे, कारण अर्धा सांगितला तर तो खोटी उमेद देतो. पणजीजवळ दोना पावलाच्या बाजूला वैंगिणीची छोटी पुळण आहे. तिथल्या हॉटेलासाठी सरकारने भूसंपादन करून जमीन दिली आणि १९८३ मध्ये हॉटेलच्या कंपनीशी करार केला. त्या करारात एक अट होती : पुळणीवर जाण्याची लोकांची वाट कोणत्याही अडथळ्याविना खुली ठेवावी. पुढे हॉटेलने इमारत वाढवली आणि पूर्वापारची वाट अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेले, तिथे वाटेच्या बाजूने निकाल लागला आणि २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'फोमेंतो रिसॉर्ट्स' या खटल्यात तो कायम केला. समुद्रकिनारा, नद्या, जंगले यांचे सरकार मालक नसते, जनतेच्या वतीने विश्वस्त असते, हे तत्त्व न्यायालयाने तिथे वाटेला लावले. हेच तत्त्व १९९६ मध्ये हिमाचलच्या बियास नदीच्या खटल्यात आपल्याकडे प्रथम ठसठशीतपणे आले होते. त्याचे मूळ रोमन कायद्यात. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा या गोष्टी सर्वांच्या, असे जस्टिनियनच्या संहितेत सहाव्या शतकात लिहून ठेवले आहे.

इथपर्यंतची गोष्ट भाषणांत सांगतात. पुढची अशी. त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली, कराराच्या अटींचा बोजा हलका केला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती दुरुस्ती वैध ठरवली. आधीच्या निकालाने वाढीव इमारतीची सांगितलेली पाडापाडी टळली. यातून मी दोन गोष्टी घेतो. वैंगिणीचे लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकत गेले कारण वाट एका करारात लिहिलेली होती. नुसत्या आठवणीवर इतकी मजल गेली असती असे मला वाटत नाही. दुसरी गोष्ट कडू आहे : निकाल न्यायालय देते, पण तो सांभाळण्याचे काम विधानसभेच्या निवडणुकीपर्यंत जाते.

अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडला, ती दृश्ये सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्यामागेही एका स्थानिक संस्थेची उच्च न्यायालयातली वर्षानुवर्षांची जनहित याचिका होती. बंगला पडला ही बातमी झाली. मागची वाट खुली झाली का, हा प्रश्न बातमीत मावत नाही. कॅलिफोर्नियातही असाच एक खटला झाला. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद खोसला यांच्या मालकीच्या जमिनीतून मार्टिन्स बीचकडे जाणारा रस्ता बंद झाला आणि लाटांवर स्वार होणाऱ्यांची एक संस्था न्यायालयात गेली. राज्याच्या अपील न्यायालयाने म्हटले की रस्ता बंद करायला किनारा आयोगाची परवानगी लागते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. त्या निकालात आपल्याला घेण्यासारखे एक सूत्र आहे : फाटक बंद करणे हाही जमिनीच्या वापरातला बदल आहे. इंग्लंडने मात्र खटल्यांच्या आधीच काम केले. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला आपल्या हद्दीतल्या सगळ्या पायवाटांचा नकाशा करायला लावला. त्या नकाशावर चढलेली वाट हा तिच्या अस्तित्वाचा कायदेशीर पुरावा.

आपल्याकडे असे काही नाही का? आहे, पण भलतीकडे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'वाजिब-उल-अर्ज' नावाची नोंद सांगितली आहे. खाजगी जमिनीतून आणि पाण्यातून गावाच्या रूढीने चालत आलेले वाटेचे, पाण्याचे आणि मासेमारीचे हक्क जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करून लिहून ठेवायचे. कोकणाला नेमके हवे ते. पण संहितेचा तो भाग लागू आहे फक्त विदर्भाला, जुन्या मध्य प्रांताचा वारसा म्हणून. ज्या विभागाला समुद्र नाही त्याच्या मासेमारीच्या वहिवाटीची नोंद करण्याची तरतूद आहे आणि ७२० किलोमीटर किनारा असलेल्या विभागाला नाही. ही तरतूद कोकणाला लागू करा, एवढी एकच मागणी सगळ्या किनारी जिल्ह्यांच्या आमदारांनी लावून धरली तरी पुष्कळ झाले. मोर्चाही लागणार नाही.

तोवर जे आहे त्यावर भागवायचे. संहितेच्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, वाटा आणि भरतीरेषेखालचा समुद्र व खाड्यांचा तळ राज्याच्या मालकीचा. म्हणजे ओल्या वाळूवर कोणाचा सातबारा चालत नाही. वाट सार्वजनिक आहे हे दाखवायचे तर पहिला कागद गाव नकाशा. त्यावर तुटक दुहेरी रेषेने गाडीमार्ग दाखवतात आणि तुटक एकेरी रेषेने पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची प्रत काढून तो टाकाच्या टोकाएवढ्या ठिपक्यांसाठी तपासला, तर कधी कधी बंद झालेली वाट तिथे शंभर वर्षांपासून बसलेली सापडते. सापडली नाही तर रूढीचा पुरावा उभा करावा लागतो. १८८२ चा सुविधाधिकार कायदा एखाद्या जमीनधारकाच्या वाटेसाठी वीस वर्षांचा अखंड वापर मागतो, आणि अवघ्या गावाच्या रूढीलाही मान्यता देतो, पण ती जुनी, निश्चित आणि वाजवी असल्याचे पटवून द्यावे लागते.

हा पुरावा गावात पडून आहे. त्याकडे पुरावा म्हणून पाहिले जात नाही इतकेच. शिमग्याची पालखी कुठून खाली उतरते, कोणत्या खिंडीत तिचा मान असतो, कोणत्या वाटेने ती परत फिरते, हे ठरलेले असते आणि त्यात एक पाऊल इकडचे तिकडे झाले तर मानकऱ्यांत वाद होतात. म्हणजेच वाटेची दरवर्षी, साक्षीदारांसमोर, वाजत गाजत पाहणी होत असते. विसर्जनाची वाट, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीची वाट, मसणवटीची वाट : प्रत्येकीचे जुने फोटो कोणाच्या तरी कपाटात आहेत, त्यांत मागे गडगा आणि माड दिसतात. तेवढे दिसणे पुरेसे असते. उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रांतही पायाखाली झिजलेली पांढरी रेघ ओळखू येते.

नोंदीची ताकद काय असते हे पलीकडच्या काठावर दिसते. गावखडीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने २००२ पासून वेळासला कासव संवर्धन सुरू केले, वनखाते त्यात आले, आणि किनाऱ्याकिनाऱ्यावर गावचीच माणसे रात्री पुळण चालून घरटी राखू लागली. तारीख, अंड्यांची संख्या, किती पिल्ले समुद्रात गेली, हे सगळे वहीत. सागरी कासवांची विणीची जागा अधिसूचनेप्रमाणे सर्वांत कडक गटात, सीआरझेड-१ अ मध्ये येते. आपल्या पुळणीवर कासवे येतात असे नुसते सांगणारे गाव आणि दहा वर्षांची वही पुढे ठेवणारे गाव, यांत सुनावणीला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कालवांना जाणाऱ्या वाटेचीही अशी वही का असू नये? (कासव महोत्सवाने पर्यटक आणले आणि पर्यटकांनी जमिनीचे भाव वाढवले, हेही त्याच वहीच्या मार्जिनमध्ये लिहावे लागेल.)

रत्नागिरीला लढणे माहीत नाही असे कोणी म्हणणार नाही. १९९३ मध्ये स्टरलाइटचा तांबे प्रकल्प इथल्या लोकांनी परतवला. तो पुढे तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणारची रिफायनरी, मग बारसूचा सडा : दक्षिण रत्नागिरीची एक अख्खी पिढी सुनावण्या, जमावबंदी आणि वकीलपत्रे यांत मोठी झाली. पण या लढ्यांची एक सवय लागते. शत्रू मोठा हवा, त्याचे नाव वर्तमानपत्रात हवे. प्रकल्प आला की एस्ट्या भरून माणसे येतात. तीन गुंठ्यांचे कुंपण पडले की शेजारीही येत नाही, कारण कुंपण घालणाऱ्याने शेजाऱ्याच्याच पुतण्याला राखणदार नेमलेले असते. गावातली रोजीरोटी त्या फार्महाऊसवर थोडीफार चालते, हे नाकारून उपयोग नाही. त्यामुळे वाटेचे भांडण पहिल्या दिवशी न्यायालयात नेऊ नये, असे माझे मत आहे. अनेक मालक सहा फुटांची वाट सोडायला तयार होतात, त्यांना फक्त ती कुठून आणि कोणासाठी हे कागदावर हवे असते. मालकाच्या संमतीने सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात वाटेची नोंद झाली, तर पुढच्या खरेदीदाराला ती नाकारता येत नाही.

सरकारी कामांतही वाट हरवते. उधाणाने किनारा खचतो, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते, दगड येऊन पडतात. आणि मग लक्षात येते की होडी वर घ्यायची उतरणच ठेवलेली नाही. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याला समुद्राने खाल्लेली जमीन ज्यांनी पाहिली आहे ते बंधाऱ्याला विरोध करणार नाहीत, मीही करत नाही. निविदा निघण्याआधी नकाशा ग्रामसभेत मांडून दर ठरावीक अंतरावर पायऱ्या आणि उतरण मागणे एवढेच करायचे असते. २०११ च्या अधिसूचनेने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती सांगितली आहे आणि तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावेत असे म्हटले आहे. आपल्या जिल्ह्याच्या समितीत ते तिघे कोण, त्यांना बैठकीचे बोलावणे येते का, इतिवृत्त मिळते का, हे माहिती अधिकारात विचारण्याचा नमुना पुस्तिकेच्या शेवटी आहे. तो सगळ्यांत आधी भरावा.

आणि मुदतीचे एक गणित. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडे जाण्याचा जुना, स्वस्त मार्ग म्हणजे १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. शेती, चराई, झाडे, पिके यांच्या जोडीला त्यात मासेमारीच्या जागांचाही उल्लेख आहे. पण दावा अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. कोकणात कुंपणाचे काम पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास निघते. गणपतीला आलेला चाकरमानी तोवर परतलेला असतो. शिमग्याला तो दोन दिवसांसाठी येतो, पालखी नाचवतो आणि जातो. मेच्या सुट्टीत सवडीने बंदरावर जायला निघतो तेव्हा त्याला कुंपण दिसते, चार माणसे जमतात, बैठक होते, आणि सहा महिने होऊन गेलेले असतात. मग उरतो तो दिवाणी दावा, किंवा सार्वजनिक वाटेवरचा अडथळा म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, दोन्ही लांबणारे.

म्हणून पाहणी शिमग्यातच करावी. पालखीच्या मागे चालणाऱ्या दोघा-तिघांनी मोबाईलवर वाटेचे चित्रण करावे, अडथळा असेल तिथे तारखेसह फोटो घ्यावा, सर्व्हे नंबर लिहून घ्यावा. सहा महिने भरत आलेले असतील तर तहसीलदाराकडचा दावा तेव्हाच दाखल करावा, कोणत्याही बैठकीची वाट न पाहता. बाकीच्या वाटांची यादी १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवावी, कारण त्या दिवशी गाव आणि मुंबई दोन्ही हजर असतात. ठरावात प्रत्येक वाटेचे नाव, ती कुठून कुठे जाते, कोण कशासाठी वापरते, हे वेगवेगळे लिहावे; 'सर्व पारंपरिक वाटा' असा मोघम शब्द तहसील कार्यालयात टिकत नाही. ठरावाच्या प्रती तहसीलदार, भूमी अभिलेख उपअधीक्षक आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीला द्याव्यात, आणि तिन्ही ठिकाणी शिक्क्यासह पोच घ्यावी.